पाच सूत की सहा सूत: पहिल्या वस्तऱ्याच्या निवडीविषयी

प्रस्तावना

मराठी घरात दाढीच्या सामानाचा वारसा शोधायला गेलं, तर तो दोन-तीन पिढ्यांमागे जाऊन थांबतो. त्याआधी बहुतेक घरांत वस्तराच नव्हता. तो न्हाव्याच्या धोकटीत असायचा. गावगाड्यात न्हावी हा बलुतेदार. ठरल्या दिवशी तो यायचा, गिऱ्हाईक ओसरीवर किंवा झाडाखाली त्याच्यापुढे उकिडवं बसायचं. वस्तरा किती रुंद, पातं किती पोकळ, धार कोणत्या दगडावर काढलेली, हे सगळं त्या एका माणसाला ठाऊक असायचं. गिऱ्हाइकाने विचारायचं कारणच नव्हतं. पुढे शहरांत सलून आली, मग घरोघरी सेफ्टी रेझर आलं आणि आपण न्हाव्याच्या वस्तऱ्यावरून थेट ब्लेडवर उतरलो. उघडा वस्तरा स्वतःच्या गालावर स्वतः चालवायचा, आणि त्यासाठी तो दुकानात पारखून घ्यायचा, हा मधला टप्पा आपल्या बहुतेकांच्या वाट्याला आलाच नाही.

वस्तऱ्याचा मराठी इतिहास लिहायचा झाला तर तो नाभिकांचाच लिहावा लागेल. १८९० साली मुंबईत नाभिकांनी सभा घेऊन विधवांचं केशवपन करायला नकार दिला, त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे यांचा पुढाकार होता. तो या पुस्तकाचा विषय नाही. पण मराठीत वस्तऱ्यावर पुस्तक काढायचं आणि त्याचा उल्लेखही करायचा नाही, हे मला जमलं नसतं.

युरोपात तो मधला टप्पा सव्वाशेहून जास्त वर्षं टिकला. झां-झाक पेरे या पॅरिसच्या सुऱ्या-कात्र्या बनवणाऱ्या कारागिराने माणसाने स्वतःची दाढी स्वतः कशी करावी यावर १७६९ मध्ये पुस्तक लिहिलं. किंग कॅम्प जिलेटला फेकून देण्याजोग्या ब्लेडच्या रेझरचं अमेरिकन पेटंट मिळालं १९०४ मध्ये. या दोन सालांच्या मधल्या काळात इंग्लंडमधलं शेफील्ड, जर्मनीतलं सोलिंगेन, फ्रान्समधलं तिएर आणि स्वीडनमधलं एस्किल्स्टुना या गावांनी लाखो वस्तरे घडवले, ते न्हाव्यांइतकेच घरच्या गिऱ्हाइकासाठी. मापं, घाट, टोकांचे प्रकार ही जी भाषा आज नवशिक्याच्या कानावर पडते, ती या गावांच्या कारखान्यांतली आहे. त्यामुळे ती आपल्याला परकी वाटते, यात नवल नाही.

आणि कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये जाऊन शिकावं म्हटलं, तर तिथेही आता तो वस्तरा उरलेला नाही. एचआयव्हीची धास्ती पसरली तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं ब्लेड ही रीत रुळली, आणि ती योग्यच आहे. सलूनमधल्या वस्तऱ्यात आज अर्धं मोडलेलं ब्लेड बसवतात. तो दिसतो वस्तऱ्यासारखा, धरतात वस्तऱ्यासारखा, पण त्याला पाठ नसते. निदान या पुस्तकात ज्या अर्थाने पाठ म्हटलंय त्या अर्थाने नसते. आणि निवडीचा सगळा विषय पाठीपासूनच सुरू होतो.

नवशिक्याला पहिली गोष्ट कोड्यासारखी वाटते ती मापाची. वस्तऱ्याची रुंदी, म्हणजे पाठीपासून धारेपर्यंतचं अंतर, इंचाच्या आठव्या भागांत सांगतात: ४/८, ५/८, ६/८, ८/८. ६/८ ला पाऊण इंच का म्हणत नाहीत, असं कोणीही विचारेल. आपल्या सुताराला किंवा फिटरला मात्र हे विचारावं लागणार नाही, कारण त्याच्या हिशेबात इंचाचे आठ सूत असतात आणि तो पाच सूत, सहा सूत असंच मोजतो. या पुस्तकात मी तीच मोजणी घेतली आहे. पाच सूत म्हणजे जेमतेम सोळा मिलिमीटर, सहा सूत म्हणजे एकोणीस, आठ सूत म्हणजे पुरता इंच. चार सुती पातं अरुंद आणि चपळ, आठ सुती म्हणजे जवळजवळ सुरा.

आता नीट पाहण्याजोगी गोष्ट. वस्तऱ्याला धार लावताना तो दगडावर पालथा, सपाट ठेवतात. पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात आणि कोन आपोआप धरला जातो. कारागिराने मनगटाने कोन धरायचा नसतो. म्हणजे धारेचा कोन ठरतो तो पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांच्या प्रमाणावरून. पाच सुती पात्याची पाठ साडेचार मिलिमीटर असेल तर कोन सोळा अंशांच्या जरा वर येतो. सहा सुती पात्याला तोच कोन हवा असेल तर पाठ साडेपाचच्या आसपास, आणि आठ सुतीला सात मिलिमीटरहून जास्त लागते. चांगले कारागीर रुंदी वाढवतात तशी पाठही वाढवतात. म्हणून बहुतेक चांगल्या वस्तऱ्यांचा कोन सोळा-सतरा अंशांच्या आगेमागे असतो, मग ते अरुंद असोत की रुंद. स्वयंपाकघरातल्या सुरीचा कोन सहसा याच्या दुप्पट असतो.

एवढं कळलं की नवशिक्याचा निम्मा गोंधळ संपतो. रुंद वस्तरा जास्त धारदार नसतो, अरुंद कमी धारदार नसतो. पोकळ घासलेला वस्तरा भरीव वस्तऱ्यापेक्षा तीक्ष्ण, असंही नाही. केस कापला जातो तो धारेच्या अगदी शेवटच्या कणावर, आणि तो कण घडतो दगडावर आणि चामड्याच्या पट्ट्यावर. रुंदी आणि घाट यांनी ठरतं ते वेगळंच: हाताला वजन किती, पातं किती लवतं, चेहऱ्याच्या कोणत्या कोपऱ्यात ते शिरतं, त्याचा आवाज येतो की नाही, आणि दगडावर किती वेळ घालवावा लागतो. ‘दाट दाढीला जाड वस्तरा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. मला तो अर्धाच पटतो. वजनदार पातं स्वतःच्या भाराने पुढे सरकतं, त्यामुळे राठ केसांत अडखळल्यासारखं कमी वाटतं, हे खरं. पण राठ केस कापला न जाण्याचं कारण बहुतेक वेळा धार उतरलेली असणं किंवा केस नीट न भिजवणं हेच असतं, आणि त्यावर वजन हा उपाय नव्हे.

आता घाट, म्हणजे ग्राइंड. पात्याच्या दोन्ही गालांवरून चाकावर किती पोलाद घासून काढलंय, एवढाच त्याचा अर्थ. काहीच काढलं नाही तर आडवा छेद पाचरीसारखा दिसतो; याला वेज म्हणतात. थोडं काढलं तर क्वार्टर हॉलो, आणखी काढलं तर हाफ हॉलो, आणि धारेच्या अगदी वरपर्यंत पातं कागदासारखं पातळ केलं तर फुल हॉलो. त्याच्याही पुढे एक्स्ट्रा हॉलो आहे. त्यात पाठीच्या खाली एक पोकळी, मग पात्याच्या मध्यावर किंचित उचललेली वरंब्यासारखी रेघ, आणि तिच्याखाली दुसरी पोकळी असते. ही रेघ पात्याला पीळ पडू देत नाही. चाकाचा व्यास जितका लहान, तितकी पोकळी खोल; म्हणून खोल पोकळीचं काम लहान चाकांच्या जोडीत पातं धरून करतात.

या शब्दांना कोणतंही सर्वमान्य प्रमाण नाही, हे आधीच सांगून ठेवतो. एका कारखान्याचा हाफ हॉलो दुसऱ्याच्या फुल हॉलोच्या जवळ जातो. त्यातून जर्मन कॅटलॉगांत पोकळी १/१, १/२, १/४ अशी लिहिलेली सापडते आणि रुंदी ५/८, ६/८ अशी. दोन्हीही अपूर्णांकच, त्यामुळे नवा माणूस अर्धा सूत आणि अर्धी पोकळी यांत घोटाळा करतो. १/१ म्हणजे पूर्ण पोकळ. त्याचा इंचाशी काही संबंध नाही. शेफील्डच्या जुन्या वस्तऱ्यांना सर्रास वेज म्हणतात, पण पट्टी लावून पाहिलं तर त्यांतल्या बऱ्याच पात्यांचे गाल किंचित खोलगट निघतात.

ही पोकळी कोणाच्या हातून आली, तेही माहीत असावं. सोलिंगेनला वुपर नदीच्या काठी पाण्याच्या चाकावर चालणाऱ्या घासणीच्या शाळा होत्या. त्यांतली बाल्कहाउझर कोटेन आज संग्रहालय म्हणून जपलेली आहे. वालुकाश्माच्या फिरत्या चाकावर ओणवं होऊन पातं दाबणारा कारागीर दिवसभर त्या दगडाची धूळ आत घ्यायचा. शेफील्डमध्ये या धंद्याच्या फुप्फुसाच्या रोगाला ‘ग्राइंडर्स ॲस्थमा’ असं नावच पडलं होतं आणि कितीतरी कारागीर ऐन उमेदीत गेले. जुन्या फुल हॉलो पात्याचं पोलाद उजेडाला धरून त्याच्या पातळपणाचं कौतुक करताना मला हे आठवतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे अतिपातळ पातं लोकप्रिय झालं आणि जड शेफील्डी पाचर मागे पडली. सोलिंगेनचं नाव एवढं वजनदार ठरलं, की ते भलत्या मालावर ठोकलं जाऊ नये म्हणून १९३८ मध्ये जर्मनीने खास कायदा केला.

फुल हॉलोची खासियत म्हणजे तो बोलतो. पातळ पातं केसांवरून जाताना खरखरतं, आणि पोलाद तो आवाज मोठा करतं; यालाच गाणारा वस्तरा म्हणतात. हा आवाज शोभेचा नाही. पातं गालाशी जास्त उभं झालं की आवाज बदलतो, दाब वाढला की दबतो, साबण सुकला की कर्कश होतो. शिकणाऱ्याला हा गुरू फुकट मिळतो. पण तोच गुरू कडकही असतो. पातळ पातं दाबाखाली लवतं, आणि लवलेली धार हनुवटीच्या वळणावर कुठे जाईल ते सांगता येत नाही. सेफ्टी रेझरची सवय झालेला हात दाबतोच. कार्ट्रिजच्या रेझरने तर आपल्याला दाबायलाच शिकवलंय. हाफ हॉलो ताठ असतो, थोडी चूक पोटात घालतो, आवाजही करतो, जरा दबक्या स्वरात. पाचर मात्र गप्प असते. ती चुकलेल्या हाताला काही सांगत नाही. शिवाय अस्सल पाचरीचा अख्खा गाल दगडाला चिकटतो, त्यामुळे तिला धार लावणं हे ज्याने कधी दगड हातात घेतला नाही अशा माणसाचं काम नव्हे. पोकळ पात्याची दगडाला लागणारी पट्टी केसभर रुंद असते आणि काम लवकर आटोपतं.

रुंदीचा हिशेब चेहऱ्याच्या नकाशावर मांडावा. रुंद पात्यावर फेस जास्त मावतो, ते कमी वेळा पुसावं लागतं, आणि गालाच्या सपाट भागावर ते छान चालतं. नाकाखाली आलं की तेच पातं नजरेआड करतं. धार नेमकी कुठे टेकली आहे ते आरशात दिसतच नाही. हनुवटीखालचा खळगा आणि कंठमणी यांच्याभोवती अरुंद पातं बरं. मिशा राखणाऱ्यांनी याचा विशेष विचार करावा, कारण मिशीची खालची कड कोरायला आठ सुती पात्याहून गैरसोयीचं काही नाही. चार सुती पातं मात्र इतकं हलकं असतं, की नवा माणूस ते केसांत ढकलण्यासाठी नकळत जोर लावतो.

म्हणून मला विचाराल तर पहिला वस्तरा सहा सुती, हाफ हॉलो. पण बाजारात सर्वांत सहज मिळतो तो पाच सुती फुल हॉलो. सोलिंगेनचे डोवोसारखे कारखाने वर्षानुवर्षं तेच माप मुख्य म्हणून काढत आले आहेत. तो घेतलात तरी काही बिघडत नाही. हात हलका ठेवायची सवय थोडी लवकर लावून घ्यावी लागेल, एवढंच. या दोहोंच्या बाहेर पहिल्या खेपेला जाऊ नये. आठ सुती भरीव पातं फोटोत रुबाबदार दिसतं आणि नवशिक्यांची मान नेमकी तिथेच वळते. एक्स्ट्रा हॉलोच्या गाण्याची कीर्ती ऐकूनही वळते. जपानी कामिसोरी आणखीनच वेगळी. ती मिटत नाही, तिची दोन अंगं सारखी पोकळ नसतात, आणि कोणतं अंग गालाकडे ठेवायचं याची तिची स्वतःची शिस्त आहे. ती या पुस्तकात शेवटच्या प्रकरणात येते, आणि तिने तिथेच थांबावं.

टोकाबद्दल फार बोलायला नको. गोल टोक घ्या. चौकोनी टोकाने मिशीची कड सुबक कोरली जाते, पण त्याचा कोपरा कानाच्या पाळीला शोधत असतो.

पोलादाचा प्रश्न मात्र आपल्या हवेत युरोपपेक्षा जास्त गंभीर आहे. बहुतेक वस्तरे कार्बन पोलादाचे असतात. त्याला गंज चढायला कोकणातला किंवा मुंबईतला पावसाळा पुरेसा आहे. तो गंज धारेवर आधी बसतो, कारण तिथेच धातू सर्वांत पातळ. दाढी झाली की पातं पुसून कोरडं करणं, जून ते सप्टेंबर शिवणयंत्राच्या तेलाचा हात देणं, आणि वस्तरा न्हाणीघरात न ठेवणं, एवढं पाळलं तर कार्बन पोलाद टिकतं. हे होणार नाही असं स्वतःबद्दल माहीत असेल तर स्टेनलेसचा वस्तरा घ्यावा. दगडावर तो थोडा हट्टी असतो, पण धारेत कमी नसतो. स्टेनलेस म्हणजे कमअस्सल हा समज जुन्या शौकिनांनी उगाच पसरवलाय. मुठीच्या पट्ट्या लाकडाच्या, शिंगाच्या की प्लॅस्टिकच्या, हा आवडीचा भाग. जुन्या सेल्युलॉइडच्या पट्ट्यांपासून मात्र सावध असावं. त्या कुजायला लागल्या की त्यांतून निघणारा वायू पात्यालाच गंजवतो.

मुंबईच्या चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात, किंवा एखाद्या वाड्याच्या माळ्यावर जुना सोलिंगेनी किंवा शेफील्डी वस्तरा हाती लागू शकतो. अशा वेळी पात्यावरचं नाव वाचायच्या आधी पाठ पाहावी. वर्षानुवर्षं दगडावर घासून पाठ एका बाजूने सपाट झाली असेल, किंवा धार मधोमध खचून तोंड वाकडं केल्यासारखी दिसत असेल, तर रुंदी आणि जाडीचं मूळ प्रमाण बिघडलेलं असतं. सहा सुती म्हणून घडलेलं पातं झिजून पाच सुती झालेलंही सापडतं. काही जण अशा पात्याच्या पाठीवर इलेक्ट्रिकची चिकटपट्टी लावून धार काढतात. एका थराने कोन सुमारे एका अंशाने वाढतो, आणि कधीकधी तेवढ्याने काम भागतं. धारेला लागून गंजाचे खड्डे असतील तर तो वस्तरा भिंतीवरच शोभेल. आरशासारखा चकाकणारा जुना वस्तरा तर दुप्पट संशयाने पाहावा, कारण बफच्या चाकावर तापून त्याचं पाणी उतरलेलं असू शकतं. नव्या मालात धोका आणखी वेगळा. वस्तऱ्यासारख्या दिसणाऱ्या, पण नीट पाणी न दिलेल्या स्वस्त वस्तू खूप विकल्या जातात. त्यांना दगडावर कितीही घासा, धार धरत नाही, आणि नवा माणूस दोष स्वतःच्या हाताला देतो.

याहून महत्त्वाची अट एकच आहे, ती मापाचीही नाही आणि घाटाचीही नाही: वस्तरा दाढीला तयार करून मिळाला पाहिजे. कारखान्यातून आलेली धार पुष्कळदा पुरी नसते. ती दगडावर शेवटपर्यंत नेणारा माणूस वेगळा असतो. विकणाऱ्याला ‘धार कोणी काढली, कोणत्या दगडावर?’ असं विचारावं. त्याचं उत्तर सावरासावरीचं असेल, तर त्या पैशांत कमी प्रसिद्ध नावाचा पण जाणत्या हाताने धार काढलेला वस्तरा घ्यावा. दगडाचं काम पहिल्या दिवशी शिकायचं नसतंच. पट्ट्यावर फिरवायला मात्र पहिल्याच दिवसापासून शिकावं लागतं. वळताना वस्तरा पाठीवर वळवायचा, धारेवर कधीच नाही. या एका सवयीत चूक झाली तर निवडीत केलेली सगळी काळजी वाया जाते, म्हणून पट्ट्याचं प्रकरण दाढीच्या प्रकरणाच्या आधी ठेवलं आहे.

वाचायला बसण्यापूर्वी व्हर्नियर कॅलिपर मिळाला तर जवळ ठेवा. पट्टीवर सूत मोजता येतात, पाठीची जाडी नाही. आधी पाठ मोजा. रुंदी मोजताना धारेवर कागदी चिकटपट्टीची घडी चढवा, नाहीतर कॅलिपरचा जबडा धारेला लागून ती तिथेच तुटेल. घडीची जाडी रुंदीतून वजा करायची आहे. पाठीच्या जाडीला रुंदीने भागून साधारण पॉइंट अठ्ठावीस-एकोणतीस आलं, तर प्रमाण ठीक आहे आणि पहिल्या प्रकरणाकडे वळायला हरकत नाही. पॉइंट पंचविसाच्या बरंच खाली किंवा पॉइंट बत्तिसाच्या बरंच वर आलं, तर वस्तरा विकणाऱ्याशी आधी बोलून घ्या.